पावडरवाले तात्या

केजमधून अंबाजोगाईकडं निघालं, की पेट्रोल पंपाच्या अलीकडं दुकानांची एक रांग लागते. तिथं कुणालाही विचारा, "पावडरवाले तात्या कुठं भेटतील?" समोरचा माणूस हातातला चहाचा कप खाली न ठेवता हनुवटीनंच दुकान दाखवील. नव्या माणसाला वाटतं, कुणी वैदू असतील, पोटदुखीवर चूर्ण-बिर्ण देत असतील. धारूरकडची एक म्हातारी एकदा खरंच गुडघे दाखवायला आली होती. तात्यांनी तिला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाले, "मावशी, माझी पावडर लावली तर गुडघा लुगड्याला चिकटून बसंल. तुमी आपलं सरकारी दवाखान्यात जावा." मग स्वतः तिला रिक्षात बसवून दिलं.

तात्यांचं खरं नाव गहिनीनाथ. गाव नांदूरघाट, वय साठीच्या पुढं. त्यांची पावडर म्हणजे गोंदाची भुकटी. हल्ली टी-शर्टवर जी नावं, चित्रं दिसतात ती बऱ्याच ठिकाणी थेट कापडावर छापत नाहीत. आधी पारदर्शक फिल्मवर उलटं चित्र छापतात. शाई ओली असतानाच तिच्यावर पांढरी भुकटी पडते. शाई असेल तिथं ती धरून राहते, बाकीची भुकटी मशीन थरथरून झटकून टाकतं. मग फिल्म भट्टीतून जाते, भुकटी वितळते आणि शाईच्या पाठीवर गोंदाचा थर बसतो. ती फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम प्रेसखाली दाबली, की चित्र कापडावर उतरतं. भुकटी टाकायचं, झटकायचं, उरलेली गोळा करून परत वर न्यायचं जे यंत्र असतं, त्याला दुकानदार 'पावडरचं युनिट' म्हणतात. ते अडलं, की मागचंपुढचं सगळंच अडतं. आणि आमच्या भागात ते अडलं, की फोन तात्यांना येतो.

हे काम तात्यांनी साठीला आल्यावर धरलं. त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांची साखर कारखान्यात गेली. ऊस तोडायला गावातले निम्मे लोक बाहेर जात, तात्या मात्र कारखान्याच्या आत, साखर जिथं तयार होऊन पोत्यात पडते तिथं होते. ओली साखर गरम हवेत वाळायची, मग थरथरणाऱ्या जाळ्यांवरून पुढं सरकायची, मोठा दाणा एकीकडं, बारीक दुसरीकडं, आणि खाली मोठ्या नरसाळ्यातून पोत्यात. जाळी तुंबू द्यायची नाही, नरसाळ्यात गाठ होऊ द्यायची नाही, हे तात्यांचं काम. चिमटीत साखर धरून ते ओल किती आहे ते सांगत, आणि केमिस्ट साहेब आपलं मशीन लावून बघत तर तेवढीच निघे.

मग एका वर्षी दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि बॉयलर पेटलाच नाही. पुढच्या वर्षीही नाही. तात्या घरी बसले. दोन एकर रान होतं, पण मातीत त्यांचा जीव रमत नव्हता. त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. पंधरा दिवसांनी परत घातलं. बायको बायनाबाई म्हणाली, "आता दारं नुसतं बघितलं तरी उघडायला लागलीत. जरा भायेर जाऊन बसा."

बाहेर म्हणजे कुठं, तर सुनेच्या दुकानात. मुलगा अंगद ऊस तोडायच्या मोठ्या मशीनवर ड्रायव्हर होता, हंगाम सुरू झाला की कर्नाटकात जायचा. सून स्वप्नाली कॉम्प्युटर शिकलेली, चार वर्षं केजात दुसऱ्याच्या बोर्ड छापायच्या दुकानात काम केलेली. तिनं टी-शर्ट छापायचं मशीन घेतलं आणि गाळा भाड्यानं घेऊन स्वतःचं दुकान थाटलं. सकाळच्या गाडीनं नांदूरघाटहून यायची, संध्याकाळी परत जायची.

"पोरगी दिवसभर एकटी असती," बायनाबाई म्हणाली. "तुमी काय करू नका. नुसतं बसा."

तात्या बसले. दाराबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून, पेपर उघडून, दुकानाकडं पाठ करून. ओळखीचं कुणी गेलं की विचारायचं, "काय तात्या, सुनंच्या दुकानावर राखणीला का?" तात्या हसून मान हलवत, पण ते त्यांना टोचायचं. एवढ्या मोठ्या कारखान्यात ज्याच्या हाताला मान होता, तो आता पंप्लेट वाटणाऱ्या पोरांना "आत जा, म्याडम हायत" एवढं सांगायला उरला होता. दोन महिने ते आतल्या खोलीत गेले नाहीत. स्वप्नालीही बोलवायची नाही. सासऱ्याला काम कसं सांगायचं, असं तिचं होतं, आणि सुनेला कसं विचारायचं, असं यांचं.

एप्रिल लागला. उन्हानं डांबर मऊ पडायला लागलं. स्वप्नालीकडं कबड्डीच्या स्पर्धेचं काम आलं होतं, काळ्या टी-शर्टवर पिवळी अक्षरं, आठ संघांसाठी. आणि नेमकं युनिट बिघडलं. म्हणजे चालत होतं, थरथरत होतं, पण भुकटी शाईवर पडायची तशी कोऱ्या फिल्मवरही चिकटून बसत होती. झटकली तरी पडत नव्हती. तशीच फिल्म दाबली की काळ्या टी-शर्टवर अक्षराभोवती पांढरट कणांची साय दिसायची.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं त्यांच्या माणसाला तिनं फोन लावला. तो दूरच्या शहरात बसलेला. तो म्हणाला, पावडरला ओल लागली आहे, वाळवून घ्या, खोलीत कूलर लावू नका. तिनं कूलर बंद केला. भुकटी भट्टीजवळ ठेवून वाळवली. खोलीत उभं राहवेना एवढी गरम झाली आणि भुकटी आणखीनच चिकटायला लागली. शेवटी ती रंगाचा मऊ ब्रश घेऊन एकेक फिल्म हातानं साफ करत बसली.

तात्यांना बाहेर ब्रशचा आवाज येत होता. खरं तर त्यांना आतून येणारा मशीनचा आवाजही गेले दोन महिने येतच होता, आणि जाळी कधी जरा तुंबली, कधी मोकळी झाली, हे पेपर वाचता वाचता कळतही होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी ब्रशचा आवाज थांबला आणि नाक ओढल्याचा आवाज आला. तात्या उठले. दारात उभे राहून खाकरले.

"काय झालं गं पोरी?"

स्वप्नालीनं पदरानं तोंड पुसलं. "काई न्हाई मामा. पावडर सुटंना झालीय. ओल हाय म्हणतेत."

"ओल?" तात्या म्हणाले. "एप्रिल म्हैन्यात? केजात?"

ते आत आले. चपला दाराशीच काढल्या, कारखान्यात साखरेच्या खोलीत जाताना काढायचे तशा. डब्यातली चिमूटभर भुकटी घेऊन अंगठ्यानं चोळली. मग फिल्म जिथून सरकत होती तिथं हात नेला. हातावरचे पांढरे केस ताठ उभे राहिले. त्यांनी युनिटच्या लोखंडी चौकटीला बोट लावलं आणि चट्कन आवाज होऊन बोट मागं आलं.

"ओल न्हाई ही," तात्या म्हणाले. "ह्याच्या उलटं हाय. लई कोरडं झालंय. करंट धरतंय ते."

"करंट? मशीनमधी?"

"मशीनमधला न्हाई. घासून घासून तयार व्हतो त्यो. आमच्या साखरंच्या धुळीला बी व्हायचा. उन्हाळ्यात हंगाम लांबला की जाळीवरची साखर खाली पडायची न्हाई, आन हात लावला की असाच चटका. साखरंची धूळ पेट घेती, म्हणून आमच्या फोरमननं सगळ्या लोखंडाला तांब्याची पट्टी जोडून जमिनीत सोडली व्हती." ते वाकून भिंतीवरच्या बोर्डाकडं बघायला लागले. "ह्याचं अर्थिंग कुठंय?"

स्वप्नालीनं तीन पिनांचा प्लग दाखवला. तात्यांनी म्हाळूला फोन केला. म्हाळू म्हणजे त्यांच्या बरोबरीचा, कारखान्यातच पूर्वी वायरमन असलेला, आता केजात घरांचं फिटिंग करणारा. तो आला, बोर्ड उघडला आणि हसायलाच लागला.

"तात्या, तिसऱ्या भोकामागं वायरच न्हाई बे! नुसतं दाखवायला भोक हाय."

"मग हसतो काय बे? खड्डा घ्यायला सुरुवात कर."

गाळ्याच्या मालकाला विचारून दुकानाच्या मागं त्यांनी खड्डा घेतला. आधी मऊ मुरूम लागला, मग कडक लागला, दोघं म्हातारे आळीपाळीनं पहार मारत होते. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाणी सोडलं. म्हाळूनं तिथून जाड तार आत आणून युनिटच्या चौकटीला आणि भुकटीच्या डब्याला जोडली. तात्यांनी एका जुन्या वायरीतले तांब्याचे बारीक तंतू मोकळे केले, अर्थिंगला जोडलेल्या तारेवर झालरीसारखे बांधले आणि फिल्म जिथून जाते तिथं आडवे ताणले, तंतूंची टोकं फिल्मला जेमतेम लागतील अशी. आणि कूलर परत सुरू केला, पण त्याचं तोंड भिंतीकडं करून.

"मामा, पण ओल लागली तर?" स्वप्नालीनं विचारलं.

"थोडी लागंल. थोडी पायजे. लई नको."

पहिली फिल्म युनिटमधून पुढं सरकली. पिवळ्या अक्षरांवर भुकटी नीट बसलेली, आणि कोरी जागा धुतल्या काचेसारखी. स्वप्नालीनं ती उजेडाकडं धरून बराच वेळ बघितली. मग ती म्हणाली, "मामा, च्या करू का?" लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याला असं थेट, मोकळं विचारायची ती पहिलीच वेळ असावी. तात्या म्हणाले, "कर. म्हाळूला साखर जास्त लागती."

दुसऱ्या दिवशी बाहेरची खुर्ची आत आली.

युनिट तात्यांनी असं ताब्यात घेतलं, की स्वप्नालीला त्याला हात लावायची वेळच येईना. संध्याकाळी डबा रिकामा करायचा, भुकटी झाकणाच्या घट्ट डब्यात भरायची. जाळी काढून मऊ ब्रशनं उलट्या बाजूनं झटकायची. उरलेली भुकटी परत वर नेणारी जी फिरकी होती, तिच्या पात्यांत धागे अडकायचे, ते चिमट्यानं काढायचे. भट्टीची गरम हवा मागं येऊन डब्यातली भुकटी अर्धवट मऊ करत होती, तर त्यांनी मध्ये जाड कापडाचा पडदा लावला. तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कुणाला युनिटजवळ येऊ देत नसत. "नाकात गोंद बसंल," म्हणायचे. बायनाबाईला घरी मात्र नवाच ताप झाला. ती भाकरी थापायला बसली, की तात्या पीठ चिमटीत धरून बघायला लागले होते.

मशीन चालवणाऱ्यांचं एकमेकांत ठाऊक असतंच. कळंबचा एक दुकानदार आला, बघून गेला, मग तात्यांना घेऊन गेला. मग अंबाजोगाईचा आला. नाव तिथनं पडलं, पावडरवाले तात्या. तात्या सुखावले. आणि जरा जास्तच सुखावले.

कारखान्यात काहीही टाकून देत नसत. साखरेची गाठ झाली, पोतं फुटून साखर सांडली, तर ती परत विरघळवून पाकात जायची. हे तात्यांच्या हाडात मुरलेलं होतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली, धागे आणि शाईचे कण मिसळलेली भुकटी स्वप्नाली बाजूला काढून टाकायला सांगायची. तिनं तसं शिकून घेतलं होतं. तात्यांना ते बघवत नसे. ते "हं" म्हणत आणि ती भुकटी एका पिंपात साठवत. भाद्रपदात चार दिवस ऊन पडलं. स्वप्नाली ऑर्डरीसाठी बाहेर गेलेली असताना तात्यांनी ते पिंप स्लॅबवर नेलं, ताडपत्री अंथरून भुकटी वाळवली. शेजारीच गाळामालकाचे मूग वाळत होते. मग मैद्याच्या चाळणीनं चाळली, चिमटीत धरून बघितली. कोरडी, हलकी, नवीसारखी. नव्या भुकटीत त्यांनी ती निम्मी-निम्मी मिसळली. सुनेला विचारलं नाही. सांगितलंही नाही. तिला नंतर सांगू, चकित होईल, असं त्यांच्या मनात होतं.

त्याच आठवड्यात धर्मापुरीच्या शाळेचं काम निघालं. तिथल्या मोहिनी बाईंनी मुलींचं लेझीम पथक बसवलं होतं, तालुक्याची स्पर्धा तोंडावर होती. साठ टी-शर्ट, भगव्या रंगाचे, छातीवर शाळेचं नाव आणि मागं प्रत्येकीचं नाव. टी-शर्ट गेले. आठ दिवसांनी मोहिनी बाईंचा फोन आला. स्वप्नालीनं फोन स्पीकरवर टाकला होता, कारण तिचे हात शाईचे होते.

"अहो स्वप्नालीताई, दोनदा धुतले तर अक्षरं सालपटासारखी निघायलीत. पोरी रडायल्यात. एकीच्या पाठीवर नुसतं 'का' राहिलंय. असं कच्चं काम करत असताल तर आधीच सांगायचं ना!"

"बाई, माझ्याच हातून काई तरी चुकलं असंल," स्वप्नाली म्हणाली. "मी बघते. तुमी दोन टी-शर्ट पाठवा."

टी-शर्ट गाडीनं आले. स्वप्नालीनं प्रेसची गरमी तपासली, दाब तपासला, सेकंद मोजून नवे नमुने काढले. ती स्वतःलाच दोष देत होती. "मी घाई केली असंल मामा. त्या दिवशी लाइट बी गेलती मधीच," असं दोन-तीनदा म्हणाली.

तात्यांनी त्यातला एक टी-शर्ट दाराशी उजेडात नेला. सुटलेल्या अक्षराचं टोक नखानं वर केलं. मागचा गोंद सलग नव्हता, आत बारीक खडबड होती. त्या खडबडीत एक हिरवट तुकडा होता, तिळाहूनही बारीक. मुगाचं टरफल.

तात्या तसेच उभे राहिले. रस्त्यावरून उसाच्या रोपांचा टेंपो गेला, एक ओळखीचा हात करून गेला, त्यांना दिसलं नाही. त्यांच्या मनात आलं, टरफल काढून टाकलं तर हे कुणाला कळणार? सून तर स्वतःवरच घेते आहे. गेल्या काही महिन्यांत कमावलेलं नाव, कळंबचा, अंबाजोगाईचा दुकानदार, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. टरफल त्यांनी गुपचूप खिशात घातलं. घरी भाकरी अर्धी ठेवून उठले.

सकाळी दुकान उघडल्यावर स्वप्नाली प्रेसचा वरचा पत्रा खोलायला बसली. पाना हातात घेतला तेव्हा तात्या म्हणाले, "ते खोलू नको. प्रेसला काई झालं न्हाई."

"मग?"

"माझ्या हातनं झालंय ते." त्यांनी पिंप दाखवलं, स्लॅब दाखवला, चाळणी दाखवली. टरफलाचा तुकडा त्यांनी कागदाच्या पुडीत जपून ठेवला होता, तोही दाखवला. "तू टाकून द्या म्हणलीवतीस. मला वाटलं, मला जास्त कळतं."

स्वप्नालीनं पुडी हातात घेतली, टरफल उजेडात धरून बघितलं. तात्यांना वाटलं, आता रागानं बोलेल. बोलावं, असंही वाटलं.

"किती किलो मिसळली?" तिनं विचारलं.

"चार. नव्या चारात."

"त्यातनं आणखी कुणाचं काम गेलं?"

"एक हरिनाम सप्त्याचं हाय, गाठलेगावचं, ते अजून न्यायला आलं न्हाई. बाकी धर्मापुरीचंच."

"मग वाचलो. ते नव्यानं काढून देऊ," ती म्हणाली. तिनं पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "मामा, मला विचारलं का न्हाई?"

तात्यांनी खरं तेच सांगितलं. "सवय न्हाई गं. कारखान्यात फोरमनला विचारायचो. सुनंला कसं विचारत्यात ते ठावंच न्हाई."

स्वप्नालीला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. "जसं मी तुमाला च्याचं विचारते तसं," ती म्हणाली.

त्यांनी दुकानाला अर्धं शटर ओढलं आणि सगळं युनिट रिकामं केलं. डबा, जाळी, फिरकी, खालचा ट्रे, कोपऱ्याकोपऱ्यात साचलेली भुकटी. जुनी सगळी एका पोत्यात भरून तात्यांनी स्वतः पोत्याचं तोंड शिवलं. मग नवी भुकटी, नवी फिल्म. साठच्या साठ नावं आणि छातीवरची शाळेची अक्षरंही परत छापली. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून पुरी केली. एक नमुना टी-शर्ट चार वेळा धुऊन, पिळून, दगडावर आपटून बघितला. अक्षर हललं नाही.

टी-शर्ट मागवून परत पाठवायला वेळ नव्हता, स्पर्धा परवावर आली होती. स्वप्नालीनं ओळखीची पिकअप ठरवली, तिच्यात प्रेस चढवला, आणि दोघं सकाळीच धर्मापुरीला निघाली. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर प्रेस मांडला. मुली धुतलेले टी-शर्ट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मोहिनी बाई हाताची घडी घालून बाजूला उभ्या होत्या, अजून रागातच.

तात्या पुढं झाले. "बाई, माझ्या सुनंचं काम कच्चं न्हाई," ते म्हणाले. "तिनं टाकून द्यायला सांगितलेली पावडर मी वापरली. तिला न विचारता. चूक माझी हाय, आन ती दुरुस्त करायला मीच आलोय."

बाईंनी घडी सोडली. साठी उलटलेला, धोतर-टोपीतला माणूस पोरीबाळींसमोर असं बोलतो, हे त्यांना अपेक्षित नसावं. "अहो काका, बसा तरी," त्या म्हणाल्या. "पाणी आणा गं कुणी."

स्वप्नालीनं उरलीसुरली अक्षरं गरम करून सोलली, नवी बेतून ठेवली. तात्यांनी दांडा दाबला, मनात पंधरापर्यंत मोजलं, उचलला. फिल्म थंड झाली की ती हलकेच ओढायची. पहिलं नाव निघालं, 'कावेरी'. जिच्या पाठीवर नुसतं 'का' राहिलं होतं ती हीच. तिनं टी-शर्ट ओढून बघितला, नख लावून बघितलं, आणि डोळे बारीक करून विचारलं, "आजोबा, आता न्हाई ना निघणार?"

"धुऊन बघ. निघालं तर मला फोन कर, म्याडमला न्हाई." तात्यांनी तिला आपला नंबर वहीत लिहून दिला. मग रांगेतल्या बाकीच्यांनाही तो हवा झाला, आणि साठ पोरींच्या वह्यांत तात्यांचा नंबर गेला. फोन त्यातल्या बऱ्याच जणींचे आले, पण अक्षर निघालं म्हणून एकीचाही नाही. पथकाचा दुसरा नंबर आला हे कळवायलाच तेवढे आले.

त्यानंतर दुकानात दोन बदल झाले. भिंतीला एक पाटी लागली. तिच्यावर रोज सकाळी हवा किती ओली, किती कोरडी ते लिहायचं, कुठल्या तारखेची भुकटी वापरात आहे ते लिहायचं, आणि उरलेली किती मिसळली तेही. अक्षर तात्यांचं, आकडा स्वप्नालीचा. दुसरा बदल दिसण्यासारखा नव्हता. दुसऱ्या गावाला युनिट बघायला गेले, की तात्या आता आधी मशीनला हात लावत नाहीत. मशीन चालवणाऱ्याजवळ बसतात आणि विचारतात.

परवा कार्तिकात ते मांजरसुंब्याला गेले होते, स्वप्नालीही बरोबर होती. तिथं रतनबाई म्हणून एक खाणावळवाली आहे. कपिलधारला जाणारे-येणारे तिच्याकडं जेवतात. तिनं खाणावळीला लागूनच्या खोलीत जुनं मशीन घेऊन टाकलं होतं. यात्रेच्या स्वयंसेवकांचे टी-शर्ट मिळाले होते, आणि भुकटीच्या गाठी होऊन डब्याचं तोंड बंद पडत होतं.

"सारखंच व्हतंय का मधीच?" तात्यांनी विचारलं.

"मधीच. सकाळी बरं असतं."

"मग बिघडतं कवा?"

रतनबाई विचारात पडली. "अकरा-साडेअकराला. मला काय कळतंय त्यातलं, तात्या. तुमीच बघा की."

"मशीन तुमचं हाय. दिवसभर तुमी बघता, मी आत्ता आलोय. अकराला काय काय चालू असतं हितं?"

"काय असणार? सैपाक. भात चढवलेला असतो, दोन मोठी पातेली..." रतनबाई बोलता बोलता थांबली. दोन खोल्यांच्या मधल्या खिडकीकडं तिनं बघितलं. खिडकी उघडी होती, आणि भाताची वाफ पदरासारखी आत येत होती. "अगं बया! वाफच की ही!"

तात्या हसले. स्वप्नाली उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली. मग तिघांनी मिळून युनिट पलीकडच्या भिंतीशी सरकवलं. रतनबाईनं स्वतः जाळी काढली, तात्यांनी दाखवलं तशी उलट्या बाजूनं झटकली, गाठी झालेली भुकटी पोत्यात भरली. "ही वाळवून..." असं ती म्हणायला लागली, तर तात्या आणि स्वप्नाली दोघंही एकदमच "न्हाई" म्हणाले. रतनबाई दचकली, मग तिला सगळी हकिकत सांगावी लागली, आणि ती तात्यांनीच सांगितली, मुगाच्या टरफलासकट.

पहिली स्वच्छ फिल्म निघाली तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. रतनबाईनं दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीची गाडी यात्रेच्या माणसांनी भरून आली होती. स्वप्नालीला कशीबशी जागा मिळाली, तात्या नेकनूरपर्यंत दांडा धरून उभे होते. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गेवराईकडचं कुणी होतं, मशीन बंद पडलंय, आत्ताच्या आत्ता या म्हणत होतं.

"आत्ता न्हाई जमायचं, उद्या येतो," तात्या गाडीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले. मग त्यांनी स्वप्नालीकडं बघितलं. "उद्या जाऊ ना गं? का काई काम हाय?"

"परवा जावा, मामा. उद्या दुसऱ्या एका सप्त्याचे टी-शर्ट काढायचेत."

"परवा येतो," तात्यांनी फोनमध्ये सांगितलं. "आन तवर काई खोलू नका. कावून बंद पडलं, कवा पडलं, त्या वक्ताला काय चाललं व्हतं, समदं आठवून ठिवा. मी आल्यावर इचारनार हाय."